शाळेची बातमी आधी कोणाला?

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूर झोपत नाही. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर, मालवा मिल या पट्ट्यातली घरेच्या घरे रस्त्यावर उतरतात आणि गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, पाहत पहाट करतात. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या कामगारांची थकलेली देणी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या गिरण्याही एकेक करून थांबल्या. भोंगे गेले, चिमण्या गेल्या, पण त्या गिरण्यांच्या नावाने झाँकी मात्र दरवर्षी निघते. महापालिका आणि विकास प्राधिकरण पैशाची मदत करतात हे खरे, पण नुसत्या मदतीवर शंभर वर्षांची परंपरा टिकत नाही. यंदा कुठली गिरणी कुठला देखावा करते आहे, पैसे किती कमी पडताहेत, कुणाचा आखाडा पुढे चालणार आहे, हे वस्तीला महिनाभर आधी माहीत असते. त्यासाठी कुणी नोटीस काढत नाही. ज्या कामात आपला हात आहे, त्याची बातमी शोधत फिरावे लागत नाही.

आता याच्या उलट चित्र पाहा. इथून तासाभराच्या अंतरावर देपालपूर, सांवेर, महू या तहसिलींतली गावे सुरू होतात. तिथल्या सरकारी शाळा बंद पडलेल्या नाहीत. इमारत आहे, गुरुजी आहेत, दुपारचे जेवण आहे, पुस्तके आहेत. पण शाळेत पुढच्या महिन्यात काय ठरणार आहे, हे गावात दहा जणांना विचारले तर नऊ जण खांदे उडवतील. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांची कथा फार वेगळी नाही. बंद गिरणीचा उत्सव लोकांचा राहतो आणि चालू शाळा मात्र ‘सरकारची’ होऊन बसते, हे कसे घडते? माझे म्हणणे असे, की याचे मोठे कारण बातमीच्या वेळेत आणि दिशेत आहे. गावाला शाळेची बातमी मिळते ती निर्णय झाल्यावर. ती मिळते वरून खाली. आणि ती ऐकून गावाने करायचे असे काही त्यात उरलेले नसते.

गावापर्यंत पोहोचणाऱ्या शाळेच्या बातम्या साधारण तीन जातींच्या असतात. पहिली समारंभाची: 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, जूनमधला प्रवेशोत्सव, जानेवारीतले स्नेहसंमेलन. या कार्यक्रमांत गाव प्रेक्षक असते. सरपंच खुर्चीवर, पालक सतरंजीवर आणि मुले उन्हात. दुसरी पुरस्काराची: अमुक शाळा आदर्श ठरली, तमुक गुरुजींचा सत्कार झाला. ही बातमी वर्तमानपत्रात येते आणि शेजारच्या गावाला आपल्याच शाळेची लाज वाटायला लावते. तिसरी बातमी बंद होण्याची. ती सर्वांत उशिरा येते, आणि एकदा आली की तिच्यावर अपील नसते.

या तिसऱ्या बातमीचे ताजे उदाहरण आपल्यासमोर आहे. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयातून जिल्ह्यांना पत्रे गेली. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारता येतील का, याचे प्रस्ताव त्यांत मागवले होते. राज्यात अशा शाळा पावणेपंधरा हजारांच्या घरात आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे 1 लाख 85 हजार. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ यांची नावे पुढे होती. छोट्या शाळांत चार इयत्ता एका खोलीत बसतात, मुलांना सवंगडी मिळत नाहीत, खेळ आणि प्रयोगशाळा यांचे नाव नसते, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण प्रस्ताव मागवले कोणाकडून? अधिकाऱ्यांकडून. ज्या वाडीतून सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून समूह शाळेला जाणार, त्या वाडीला पत्राची प्रत नव्हती.

त्यात आणखी एक गोष्ट घडली होती, तिची चर्चा फारच कमी झाली. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली आणि निवडणुका रखडल्या. म्हणजे शाळा ज्या संस्थेच्या मालकीच्या, तिथे लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य त्या वेळी नव्हता. प्रशासक कारभार पाहत होते. एरवी जिल्हा परिषदेचा सदस्य कितीही आळशी असला, तरी आपल्या गटातली शाळा बंद होणार म्हटल्यावर शिक्षण समितीच्या बैठकीत निदान आवाज चढवतो आणि संध्याकाळी गावात येऊन सांगतो. तो दुवाच तुटलेला होता. बातमी खाली यायला वाट नव्हती आणि हरकत वर जायलाही नव्हती.

मग हरकत रस्त्यावर आली. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात भाम धरणाच्या परिसरात दरेवाडी आहे. तिथली शाळा दुसरीकडे हलवल्यावर 2023 सालीच मुले आणि पालक शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर चालत निघाले. दप्तरे परत घ्या आणि त्यांच्या बदल्यात आम्हाला शेळ्या द्या, निदान त्या तरी राखू, अशी त्यांची मागणी होती. या मागणीतला उपहास कुणालाही बोचावा असा आहे. पण माझ्या मते त्याहून बोचरी बाब ही, की शाळेचे काय करावे हे गावाला विचारून घेण्याची जागा कुठल्याच टेबलावर नव्हती, म्हणून ते सांगायला शेळ्या हाकत जिल्ह्याच्या गावी यावे लागले.

शाळा सरकारची आणि लोक लाभार्थी, ही समजूत आजची नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड शेतकऱ्याकडून वसूल होऊ लागला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे खेड्यातल्या शाळेला पैसा पहिल्यापासून खेड्याने दिलेला आहे. तो जातो कुठे, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर 1882 मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात रोखठोक विचारला. रयतेच्या घामातून गोळा झालेला कर वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले शाळेबाहेर राहतात, असा त्यांचा हिशेब होता. त्या निवेदनाकडे आपण सामाजिक न्यायाचा दस्तऐवज म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण ते खर्चाच्या पारदर्शकतेची मागणी करणारे कागदपत्रही आहे. पैसे देणाऱ्याला जमाखर्च दाखवा, एवढी साधी ती मागणी होती.

त्या मागणीला कृतीने उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटलांनी केला. रयत शिक्षण संस्थेने सातारा आणि आसपासच्या मुलखात 578 व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांतल्या पुष्कळशा देवळात, चावडीत, धर्मशाळेत भरत. जागा गावाने द्यायची, शिक्षकाच्या पोटापाण्याची सोय गावाने पाहायची, मुले गोळा करून आणायची तीही गावानेच. अशा गावाला शाळेची बातमी कुणी सांगावी लागत नसे, कारण बातमी तिथेच तयार होत होती. पुढे या शाळा सरकारी व्यवस्थेत सामावल्या गेल्या. शिक्षकांना नियमित पगार मिळाला, इमारती झाल्या, ते आवश्यकच होते. मात्र पगाराबरोबर मालकीही वर सरकली, आणि तिच्या बदल्यात गावाला काय मिळाले याचा विचार झाला नाही.

आमच्या मध्य प्रदेशात या उलट्या प्रवाहाला सुलटे करण्याचा एक धाडसी प्रयोग झाला होता. त्याची आठवण आज मध्य प्रदेशातही पुसट झाली आहे. 1 जानेवारी 1997 पासून राज्यात शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जिथे शिकण्याच्या वयाची 40 मुले आहेत, आदिवासी भागात 25, त्या वस्तीने मुलांच्या नावांची यादी करून पंचायतीकडे मागणी करायची. मागणी पोहोचल्यापासून 90 दिवसांत शाळा देणे सरकारवर बंधनकारक. शिकवणारा ‘गुरुजी’ वस्तीनेच आपल्यातून सुचवायचा. पहिल्या दीड वर्षातच 15 हजारांवर शाळा उभ्या राहिल्या. पुढे त्या पंचवीस हजारांच्या आसपास गेल्या. झाबुआपासून मंडल्यापर्यंत ज्या फळियांवर आणि टोल्यांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, कुठल्याही सरकारी खात्याची जीप कधी गेली नव्हती, तिथून कागद निघाले आणि राजधानीला त्यांची उत्तरे मुदतीत द्यावी लागली.

या योजनेवरची टीका मला ठाऊक आहे आणि ती बहुतांशी मान्यही आहे. गुरुजींना सुरुवातीला महिन्याला 500 रुपये मिळत. पूर्ण पगाराच्या शिक्षकाऐवजी कमी पैशात काम करणारा माणूस गरिबांच्या मुलांपुढे उभा करायचा आणि त्याला लोकसहभाग म्हणायचे, हा लबाडीचा हिशेब होता. गुरुजींना पुढे कित्येक वर्षे नियमित होण्यासाठी आंदोलने करावी लागली. दुय्यम शाळा घेऊन गाव मालक होत नाही. पण योजनेत एक गोष्ट पक्की होती, आणि ती टीकेच्या पुरात वाहून जाऊ नये. बातमी वस्तीतून सुटत होती आणि घड्याळ सरकारच्या मागे लागलेले होते. आज नेमके उलटे आहे. तारीख वरून येते आणि घड्याळ गावाच्या मागे लागते: यादी द्या, आधार जोडा, फोटो अपलोड करा.

कायद्याच्या पुस्तकात मात्र गावाची जागा 2009 नंतर अधिक भक्कम झाली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, अनुदानाचा विनियोग तपासणे, आणि 22 व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. कागदावर पाहिले तर जगातल्या कुठल्याही लोकशाहीला शोभावी अशी ही रचना आहे.

प्रत्यक्षात काय होते ते शाळेत काम केलेला कुणीही सांगेल. समितीची निवड पालकसभेत व्हायची, पण सभेला पालक थोडे असतात, म्हणून हजर असलेल्यांची नावे लिहिली जातात. प्रोसीडिंगचे रजिस्टर मुख्याध्यापक लिहितात आणि ते कुणाच्या तरी हाती घरोघर सह्यांसाठी फिरते. महिला सदस्याच्या नावापुढे अंगठा किंवा नवऱ्याची सही. विकास आराखडा मागच्या वर्षीचाच, तारीख बदललेला. समग्र शिक्षा योजनेतून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला 25 हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी वापरायचे. ही रक्कम फार मोठी नाही. पण ती कधी आली, किती आली, वर्ष संपता संपता घाईने कशावर खर्ची पडली, हे समितीच्या अध्यक्षालाही सांगता येत नाही. ज्या समितीला आपल्या शाळेचे दहा हजार कुठे गेले ते ठाऊक नाही, तिच्या देखरेखीला अर्थ काय?

इथे एक हरकत येते आणि ती वजनदार आहे. माहिती दिल्याने काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 280 गावांत एक अभ्यास केला. गावोगाव सभा घेतल्या, ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावले. काही गावांत तर मुलांना वाचता येते का हे लोकांनाच तपासायला लावले. त्याआधी बहुतेक पालकांना अशी समिती असते हेच माहीत नव्हते, आणि समितीच्या कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. सभांनंतरही समित्या हलल्या नाहीत, शिक्षकांची हजेरी सुधारली नाही, शाळेत मुलांचे शिकणे पुढे सरकले नाही. अशा निष्कर्षानंतर ‘गावाला कळवा’ म्हणणे भाबडेपणाचे ठरेल की नाही?

ठरले असते, जर त्या अभ्यासातली पुढची गोष्ट आपण वाचली नसती. जिथे गावातल्या तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याची सोपी पद्धत दाखवून शिबिरे भरवायला सांगितले, तिथे स्वयंसेवक पुढे आले, आणि शिबिराला गेलेल्या मुलांच्या वाचनात स्पष्ट फरक पडला. उदासीन समजले गेलेले तेच गाव, तीच माणसे. त्यांच्यापुढे तक्रार करण्याचा अधिकार ठेवला तेव्हा ती गप्प राहिली, कारण तक्रार करून व्यवस्था हलते असा त्यांचा अनुभव नव्हता. हाताला काम दिले तेव्हा ती उठली. म्हणजे कोरी माहिती निरुपयोगी असते हे खरे, आणि हाती काम घेऊन आलेली बातमी उपयोगी पडते हेही तितकेच खरे.

युगांडातले उदाहरण दुसरी बाजू दाखवते. 1991 ते 1995 या काळात तिथल्या शाळांसाठी सरकारने पाठवलेल्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोहोचत होते, असे एका पाहणीत आढळले. मग सरकारने जिल्ह्याला किती रक्कम कधी पाठवली, हे वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. 2001 पर्यंत शाळेत पोहोचणारा वाटा 80 टक्क्यांच्या वर गेला. त्यामागे इतर प्रशासकीय सुधारणाही होत्या, सगळे श्रेय छापील आकड्याला देता येणार नाही. पण अमुक तारखेला अमुक रक्कम निघाली एवढे कळल्यावर मुख्याध्यापकाला आणि पालकाला विचारायला नेमका प्रश्न मिळाला. पाकिस्तानच्या पंजाबातल्या 112 गावांच्या अभ्यासात निम्म्या गावांतल्या घरोघरी मुलांचे आणि गावातल्या सर्व शाळांचे निकालपत्रक दिले गेले. मुलांचे शिकणे सुधारले आणि खासगी शाळांची फी सुमारे 17 टक्क्यांनी उतरली. तुलना करता येईल असा आकडा हाती आला की गरीब पालकही चोख व्यवहार करतो.

या तीन अनुभवांतून मला बातमीची तीन लक्षणे दिसतात. ती निर्णयाच्या आधी यावी. तिच्यात आकडा असावा. आणि तिच्याबरोबर गावाला करता येईल असे काम यावे. यांतले एकही लक्षण नसलेली बातमी म्हणजे समारंभाचे आमंत्रण.

पहिल्या लक्षणाचे, आधी सांगण्याचे, उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे शाळांच्या कारभाराचा स्वतंत्र जिल्हाच असतो. असे सुमारे तेरा हजार जिल्हे त्या देशात आहेत आणि बहुतेकांचे शाळा मंडळ लोक निवडून देतात. मंडळाची बैठक कधी, विषयपत्रिकेवर काय, बसचा मार्ग बदलणार का, हे आधी जाहीर करावे लागते. न्यूयॉर्क राज्यात तर दर मे महिन्यात बहुतेक जिल्ह्यांचे रहिवासी शाळेच्या अंदाजपत्रकावर मतदान करतात. आपल्याकडच्या शिक्षणप्रेमींना हे सांगितले की ते हरखून जातात. पण त्या व्यवस्थेची दुसरी बाजू विसरू नये. तिथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब राहते. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या शाळेचे भवितव्य त्याच्या झोपडीच्या घरपट्टीवर टांगायचे का? मुळीच नाही. पैसा राज्याने द्यावा, समान द्यावा, उलट गरीब गावाला जास्त द्यावा. घेण्यासारखी आहे ती आधी सांगण्याची सक्ती. तिला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे अशी सक्ती अगदी अनोळखी आहे असेही नाही. ग्रामसभेसाठी महाराष्ट्रात आगाऊ नोटीस आणि दवंडी यांची तरतूद आहे. ग्रामसभा पुष्कळदा कोरमअभावी तहकूब होते, तरी ती होणार आहे हे गावाला कळते. गावातल्या रस्त्याच्या मुरमासाठी दवंडी आणि गावातल्या मुलांच्या भवितव्यासाठी पालकांच्या मोबाइलवर आदल्या रात्री दहा वाजता आलेला संदेश, हा फरक कोणत्या न्यायाने टिकून आहे?

बातमी आधी द्यायची म्हटले की तारखेचा प्रश्न येतो, आणि तारीख कुणाच्या सोयीची हा खरा राजकीय प्रश्न आहे. शाळेचे वेळापत्रक जिल्ह्याच्या गावी ठरते. गावाचे जगणे पाऊस, पीक आणि मजुरी ठरवते. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता उचलून कारखान्यांकडे जातात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवण्याची जबाबदारी व्यवस्थापन समित्यांवर असते. पण ज्यांच्या मुलांसाठी ती चालतात, ते पालक नेमके त्या काळात गावात नसतात. स्नेहसंमेलन जानेवारीत आणि पालकसभा फेब्रुवारीत ठेवायची व मग ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारायचा, हे कितपत प्रामाणिक?

आमच्या इंदूरच्या पश्चिमेला झाबुआ आणि अलीराजपूर आहेत. तिथले भिल्ल, भिलाला मजूर गुजरातेत आणि इंदूरच्या बांधकामांवर वर्षातले कितीतरी महिने असतात. परंतु होळीच्या आधीच्या आठवड्यात, भगोरियाच्या हाटांना ते कुठूनही परततात. अख्खे कुटुंब गावात असते. शाळेची सर्वांत महत्त्वाची सभा, आराखड्यावर चर्चा, मुलाची प्रगती दाखवण्याचा दिवस या आठवड्यात ठेवायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की तेव्हा वर्षअखेरीची गडबड असते आणि परिपत्रकात ती तारीख नसते. तारीख गावाला ठरवू दिली तर गाव येते की नाही, हे एकदा तरी तपासून पाहायला हवे.

हाताला काम देणाऱ्या बातमीचा चांगला नमुना महाराष्ट्रात अलीकडेच दिसला. 2022 पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारी मेळावे सुरू झाले. मेळाव्यात मूल वेगवेगळ्या टेबलांवर काय करू शकते ते आईसमोर पाहिले जाते, मग वस्तीतल्या मातांचे गट होतात आणि त्यांना घरी घेण्याच्या छोट्या कृती दिल्या जातात. काही आठवड्यांनी दुसरा मेळावा होतो आणि मूल कुठे पोहोचले ते आईलाच दिसते. भाषणे कमी, सत्कार नाही. तारीख आधी माहीत, मोजमाप डोळ्यांसमोर, आणि मधल्या दिवसांत करायचे काम ठरलेले. सगळीकडे तो तितक्याच मनापासून होत असेल असे नाही, पण घडण बरोबर आहे.

आता शिक्षकांची बाजू. त्यांच्या डोक्यावर आधीच माहितीचे डोंगर आहेत. पोषण आहाराची नोंद, यू-डायसची आकडेवारी, निवडणूक, सर्वेक्षणे, आणि दिवसभर वाजणारे अधिकाऱ्यांचे मोबाइलवरचे गट. त्यात आता गावालाही रोज अहवाल द्यायचा का, असा त्यांचा सवाल असेल तर तो रास्त आहे. दुसरी भीती याहून खोल आहे. गाव म्हणजे एकसंध काही नसते. तिथे भावकी असते, पक्ष असतो, वरची आळी आणि खालची वस्ती असते. शाळेत गावाला जागा दिली की ती जागा पाटीलकीच बळकावेल आणि दलित वस्तीतून आलेल्या शिक्षिकेला रोज नवे हेलपाटे पडतील, ही शक्यता कुणी नाकारू नये. आहार शिजवणाऱ्या बाईच्या जातीवरून मुलांना जेवू न देणारी गावे याच देशात आहेत.

पण या भीतीचे उत्तर बातमी लपवण्यात नाही. बातमी मोजक्यांना कळते तेव्हाच मोजक्यांची सत्ता वाढते. शाळेची खोली कुठे बांधायची, आहाराचे काम कुणाला द्यायचे, हे आज चार जणांना आधी कळते म्हणून ते त्या चौघांच्या सोयीने ठरते. खालच्या वस्तीच्या भिंतीवर त्याच दिवशी तोच मजकूर लागला, तर तिथल्या आईला सभेला यायला निदान कारण मिळेल. कायद्याने समितीत तिच्यासाठी जागा ठेवली आहेच. आणि शिक्षकांचा भार हलका करायचा तर वर जाणारे अहवाल कमी करा. अधिकाऱ्याला दिलेली प्रत्येक माहिती आधी गावाच्या फळ्यावर असावी, असा एकच नियम केला तरी निम्मी अनावश्यक माहिती मागितली जाणार नाही. कारण गावापुढे मांडता येईल इतका अर्थ तिच्यात नसतो.

पुरस्काराच्या बातम्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घटून बंद पडण्याच्या बेतात होती. गाव आणि शिक्षक एकत्र आले, शाळा उभी राहिली, आणि 2025 साली तिला जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. आनंदाचीच गोष्ट. पण आपण अशी बातमी वाचतो ती एका असामान्य शिक्षकाची गोष्ट म्हणून. त्यातून बाकीच्या गावांना संदेश जातो, की आपल्याकडेही असा कुणी येईपर्यंत थांबावे. असामान्य माणसाची वाट पाहणारी व्यवस्था सामान्य माणसाला कामाला लावत नाही. जालिंदरनगरहून शिकायचे तर लोकांनी काय केले, किती महिने केले, पैसा कुठून आला, कुठे अडले, हे शिकावे लागेल. त्या मजकुराला छायाचित्र लागत नाही, म्हणून तो छापून येत नाही.

मध्य प्रदेशात आता सीएम राइज शाळा, ज्यांना 2025 पासून सांदीपनि विद्यालय म्हणतात, उभ्या राहत आहेत. मूळ आखणी 9,200 शाळांची होती. भव्य इमारती, बसची सोय, सुसज्ज प्रयोगशाळा. महाराष्ट्रातली समूह शाळेची कल्पना याच दिशेची. मोठ्या शाळा वाईटच असतात असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी त्या मुलांना खरोखर जास्त देतील. पण शाळा जितकी दूर जाईल तितकी तिची बातमी अधिक ठरवून, अधिक नियमाने आणावी लागेल. वाडीतल्या शाळेचे कुलूप उघडले की नाही हे आजीला ओट्यावरून दिसत होते. बारा किलोमीटरवरच्या शाळेचे काहीच दिसणार नाही. तिथे पालकाचा आवाज पोहोचवण्याची सोय बसच्या सोयीइतकीच बंधनकारक करावी लागेल.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. शाळा बंद करणे, हलवणे, जोडणे, इयत्ता कमी करणे यांपैकी कोणताही निर्णय संबंधित वस्तीत 90 दिवस आधी लेखी जाहीर केल्याशिवाय आणि व्यवस्थापन समितीच्या व ग्रामसभेच्या ठरावाशिवाय अमलात येऊ नये. 90 दिवसांत शाळा देता येते हे या देशाने 1997 मध्ये सिद्ध केले आहे. मग ती काढून घेण्यापूर्वी 90 दिवस थांबता येणार नाही असे कुणी सांगू नये. शाळेला मिळणारी प्रत्येक रक्कम, ती आल्याची तारीख आणि खर्च दर्शनी भिंतीवर रंगाने लिहिला जावा. पुढच्या तीन महिन्यांच्या सभा आणि कार्यक्रमांच्या तारखा गावाच्या हंगामाप्रमाणे समितीने ठरवाव्यात, आणि प्रत्येक तारखेपुढे गावाने काय करायचे आहे ते लिहावे. जिल्हा परिषदेत लोकनियुक्त सदस्य नसताना शाळांबाबत कोणताही कायमचा निर्णय घेण्यास मनाई असावी.

यासाठी नवा कायदा करायची गरज फार थोडी आहे. बरेचसे नियम आहेत, ते पाळून घेणारे गाव हवे. वाचकहो, तुम्ही खेड्यात राहत असाल किंवा तुमचे गाव अजून तुमचे असेल, तर पुढच्या खेपेला गावच्या शाळेत जा आणि तीनच प्रश्न विचारा: यंदा अनुदान किती आले, समितीची पुढची सभा कधी आहे, आणि त्या सभेत काय ठरणार आहे. उत्तर मिळाले तर सभेला हजर राहा. मिळाले नाही, तर तेच तीन प्रश्न ग्रामसभेत लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.